पहिलं पाणी जावयाचं

तात्यासाहेबांच्या न्हाणीघरातल्या जुन्या गिझरनं दसऱ्याच्या तोंडावर मान टाकली. तसा तो बरेच दिवस गरम पाण्याच्या नावाखाली कोमट सहानुभूतीच देत होता. शहागंजातल्या मोहियोद्दीन प्लंबरनं उतरवून उघडला, तर आत बोअरच्या पाण्याचा पांढराफेक थर.

"तात्यासाहेब, आत इतका चुना हाय, पानाचं दुकान टाका."

तात्यासाहेबांना हसू आलं नाही. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. सकाळी त्याच्यावर कढत पाणी पडल्याशिवाय हात सदऱ्याच्या बाहीत शिरत नसे. म्हणून संध्याकाळच्या आत नवा, मोठा गिझर भिंतीवर चढला. मोहियोद्दीननं बटणाकडं बोट नेलं, तोच वच्छलाबाई कडाडल्या.

"खबरदार! लेकीचा दिवाळसण हाय. पहिलं पाणी जावईबापूंचं!"

"भाभी, तपासू तरी द्या."

"गळतंय का तेवढं बघा. तापवायचं नाय."

दसऱ्याला गिझरला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली, वर जुन्या साडीच्या जरीकाठाचा पडदाही आला. विसरलेला पाना न्यायला आलेला मोहियोद्दीन बघतच राहिला.

"काय भाभी, गिझरला पडद्यात बसवलं?"

तात्यासाहेबांनी गॅसवर पातेलं ठेवून पाहिलं, तर बाईसाहेब म्हणाल्या, "घरात नवाकोरा गिझर असताना गॅस जाळता? लोक काय म्हणतील?" लोक तर गिझर पाहून माना डोलावून जात होते. तात्यासाहेब गार पाणी अंगावर घेताना "हर हर गंगे" असं कळवळून ओरडत, की शेजारच्या आशाबाई त्यांना मोठे भाविक समजू लागल्या.

अखेर नरकचतुर्दशीची पहाट उजाडली. न्हाणीघराच्या दाराशी रांगोळी निघाली. जावयाच्या अंगाला उटणं लागलं. तात्यासाहेब खांद्यावर टॉवेल टाकून, पाठोपाठ नंबर लावून उभे राहिले.

जावई म्हणाले, "मामा, गिझर नको. मी बाराही महिने गारच पाणी घेतो. गरम पाण्यानं माणूस आळशी होतो."

तात्यासाहेबांचा चेहरा उजळला. पण क्षणभरच.

"राहू द्या मग," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुळशीच्या लग्नाला विहीणबाई येणार हायत. पहिलं पाणी त्यांचं."

तात्यासाहेबांच्या खांद्यातून कळ निघाली. बायकोपुढं त्यांनी कधी शब्द काढला नव्हता. आजही काढला नाही. ते जावयाकडं वळले.

"जावईबापू, पाणी गार घ्या, पण बटण तुमच्याच हातानं दाबा. तुमचा मान हाय तो."

मान म्हटल्यावर जावयानं बटण दाबलं. लाल दिवा लागला. हातात निरांजनाचं ताट होतंच, त्यामुळं वच्छलाबाईंनी सवयीनं ओवाळलं. ओवाळलं म्हणजे उद्घाटन झालं. आता त्यांनाही मागं फिरता येईना.

जावई आत गेले. पाणी पडल्याचा आवाज आला, मग "आई गं!" असाही आला. काळेनिळे ओठ घेऊन ते बाहेर येताच तात्यासाहेब विजेसारखे आत शिरले आणि कडी लावली.

थोड्या वेळानं दाराच्या फटीतून वाफ येऊ लागली. आतून "हर हर गंगे" ऐकू आलं, पण या खेपेला अगदी हळू, गाढ समाधानाचं. वच्छलाबाई फराळाचं बघायला वळल्या, तसे जावई दाराला तोंड लावून कुजबुजले,

"मामा... थोडं गरम माझ्यासाठी ठेवा ना."

आत तांब्या थांबला.

"नको, जावईबापू. माणूस आळशी होतो."