लॉर्ड पेनिफोल्ड यांचा उजवा पाय

"सत्य स्वतःच्या पायांनी चालत नाही. ते एखाद्या थोर पुरुषाच्या पायांनी चालतं!" मिसेस डोर्कस रेन यांनी ग्रिंडलथ्वेट स्टेशनच्या फलाटावर जाहीर केलं. नेमक्या त्याच वेळी त्या थोर पुरुषाचा उजवा बूट निसटून गाडी आणि फलाट यांच्या फटीत गेला, आणि लॉर्ड पेनिफोल्ड एका पायमोज्यावर लंडनहून घरी अवतरले.

भक्तांना त्याचं काय! बूट काढायला तिघे आडवे झाले. सापडला, तो लगेच साहेबांच्या पायात गेला असं नाही. आधी चार हातांतून फिरला, आणि एका आईने तर तो तान्ह्या लेकराच्या कपाळाला टेकवूनही घेतला. लेकराने भोकाड पसरलं. तेवढंच एक डोकं त्या गर्दीत ठिकाणावर होतं, असं हेस्टर थ्रोअरला वाटलं.

हेस्टर गावची जनावरांची डॉक्टर. उभी हयात मेंढ्यांत गेलेली. त्यामुळे गर्दी दिसली की ती आधी कडेला उभी राहायची आणि कोण कुणाच्या मागे जातंय ते बघायची.

चमत्कार असा होता. लंडनच्या वरिष्ठ सभागृहात मतदान आलं की घंटा होते आणि सभासद उठून दोनांपैकी एका दाराने बाहेर पडतात. एक दार 'मान्य'चं, दुसरं 'अमान्य'चं. मत म्हणजे पायांनी चालून जायचं. लॉर्ड पेनिफोल्ड कुठल्याच पक्षाचे नव्हते. बिस्किटांचा कारखाना विकून ते थेट सभागृहात जाऊन बसले होते. आणि बसल्यापासून ते ज्या दाराने गेले, तीच बाजू जिंकली होती. एकदाही चूक नाही. सगळी नोंद जाहीर, घरबसल्या कुणीही वाचावी. मिसेस रेन यांनी ती वाचली, आणि तेव्हापासून गावाची अक्कल साहेबांच्या उजव्या पायात मुक्कामाला गेली.

"कसं कळतं हो साहेब, कुठल्या दाराने जायचं?" कुणीतरी विचारलं.

"मला कुठे कळतं!" साहेब डोळे अर्धवट मिटून म्हणाले. "मन शांत ठेवायचं. घंटा विरते. मग आतून कुणीतरी पाय ओढतं. मी आपला मागोमाग जातो."

गर्दीने सुस्कारा सोडला.

"तेव्हा उभे कुठे असता?" हेस्टरने विचारलं.

"तिथे एक खांब आहे. दोन्ही दारं अगदी समोर. टेकायला फार छान."

"आणि जाता पहिले की शेवटी?"

"शेवटीच हो. संधिवात आहे ना."

हेस्टरने मान डोलावली. प्रत्येक कळपात एक म्हातारा खच्ची मेंढा असतो. कळप कुठे वळतो ते तो निवांत बघतो, मग तुरुतुरु जाऊन मधोमध घुसतो. नवख्या माणसाला वाटतं, कळप हाच चालवतोय.

एरवी तिने हसून सोडून दिलं असतं. पण मंगळवारी सभागृहात एक विधेयक मताला येत होतं. ज्या रुग्णालयात बाळंतपणं थोडी, तिथला प्रसूती विभाग लोकांना न विचारता बंद करायची मुभा त्यात होती. ती मुभा काढून टाकायची का, यावर मतदान होतं. ग्रिंडलथ्वेटचा विभाग चार खाटांचा. त्यानंतरचा खिंडीपलीकडे, आणि जानेवारीत खिंड बर्फाने बंद. हेस्टरची भाची ब्रायोनी जानेवारीतच बाळंत व्हायची होती.

"डोर्कस, सभासदांना पत्रं गेली का?" हेस्टरने विचारलं.

"पत्रं कशाला? पाय आहे की!"

"निदान ते बोलणार तरी आहेत का सभागृहात?"

"ते बोलत नसतात. त्यांचं मौनच इतकं जड आहे..."

"बोललेत की एकदा. तेही नोंदीत आहे. इतक्या वर्षांत एकच वाक्य. 'ती खिडकी बंद करता येईल का?'"

"मग? झाली ना बंद?" मिसेस रेन विजयाने म्हणाल्या.

हेस्टरने डाव बदलला. "बरं, माझं चुकलं असेल. रविवारी हॉलमध्ये चहा ठेवते. अगदी लॉर्डांसारखं मतदान घेऊ. मात्र साहेब पहिले जातील, आपण त्यांच्या मागे. पाय आतून ओढला जातो, तर गर्दीची गरजच काय?"

"अगदी बरोबर! तुझेच दात तुझ्या घशात जातील बघ!"

रविवारी हॉल गच्च भरला. हेस्टर किटली घेऊन फिरत होती. ॲम्ब्रोज धनगराचा कप तर तिने रिकामा होऊच दिला नाही. "पुरे गं बाई," तो म्हणाला की ती म्हणायची, "थंडी आहे, घ्या."

मिसेस रेन यांनी प्रश्न वाचला. आपला प्रसूती विभाग चालू राहावा का? डावं दार मान्य, उजवं दार अमान्य. साहेब तेव्हा, सभागृहातल्या सवयीप्रमाणे, झोपले होते. मग शाळेची घंटा वाजली. साहेब दचकून उठले, टॉवेलने तोंड पुसावं तसा चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि हॉलमधल्या खांबाला जाऊन टेकले. प्रश्न काय होता, हे त्यांनी विचारलं नाही. तशी पद्धत नव्हती.

कुणी हललं नाही.

"व्हा पुढे, साहेब," मिसेस रेन म्हणाल्या.

"छे छे, आधी तुम्ही."

"नाही नाही, आधी तुम्ही."

साहेबांनी डावीकडे पाहिलं. तिथे दार होतं. उजवीकडे पाहिलं. तिथेही नुसतं दारच होतं. कपाळावर घाम आला.

"ओढत नाहीये का?" मागून कुणीतरी काळजीने विचारलं.

"ओढेल, ओढेल. पायाला जरा वेळ लागतो."

सगळं गाव साहेबांची वाट बघत होतं आणि साहेब गावाची. चहा निवला. शेवटी ॲम्ब्रोजचा चेहरा वेडावाकडा झाला, तो पटकन उठला आणि उजव्या दाराने निघाला. त्याच्यामागे पोस्टमन. मग चर्चमध्ये गाणाऱ्या दोघी. बघता बघता दारात रांग लागली.

साहेबांचा चेहरा उजळला. "ओढला!" ते ओरडले, आणि लंगडत रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"साहेब!" मिसेस रेन किंचाळल्या. "ते विभाग बंद करायचं दार आहे!"

"आणि ही संडासची रांग आहे!" पुढून ॲम्ब्रोज म्हणाला.

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग अख्खा हॉल हसत सुटला. ब्रायोनी तेवढी हसली नाही.

हेस्टरने किटली खाली ठेवली. "हसा. पण ऐका. ते खांबाला टेकतात, कुठली रांग लांब ते बघतात आणि तिच्यात शिरतात. म्हणून ते कधी हरत नाहीत. चमत्कार एवढाच. शेवटी निघायचं असेल तर जिंकणारी बाजू माझी मेंढीसुद्धा ओळखेल. पण आधी कुणाला तरी निघावं लागतं ना? आपण घरात बसून पायाची पूजा करत राहिलो. उद्या कुणी चमत्कार सांगायला आला, तर हात जोडण्याआधी विचारा, हा गर्दीच्या आधी निघाला होता की नंतर? एवढं विचारायला ना पदवी लागते, ना धैर्य."

मिसेस रेन बराच वेळ टेबलक्लॉथच्या सुरकुत्या काढत बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळची गाडी किती वाजता आहे? आपणच जाऊ लंडनला. एकेका सभासदाला गाठू." चार हात वर झाले, मग दहा.

ब्रायोनी पोट सावरत उठली आणि रांगेपाशी गेली. "साहेब, मंगळवारी घंटेच्या आधी तुम्ही उठून एवढंच सांगाल का, की जानेवारीत आमची खिंड बंद असते?"

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग ताठ झाले. काठी भिंतीला लावली. दोन्ही अंगठे कोटात अडकवले. मिसेस रेन यांनी श्वास रोखला, आणि हेस्टरलाही क्षणभर वाटलं, माणूस कुठल्याही वयात पहिला निघू शकतो.

साहेबांनी घसा खाकरला.

"ती खिडकी जरा लावता का कुणी? मानेला वारा लागतोय."