माहितीदाता क्रमांक एक

त्या गावात दगड मारला तर तो एक तर विद्यार्थ्याला लागे, नाही तर प्राध्यापकाला. उरलेल्यांवर संशोधन चाले. देशोदेशीची पोरं शिकायला येत, आणि आपापली मायभूमी सोडून इथल्या न्हाव्याचा, चांभाराचा, पाववाल्याचा अभ्यास करत. न्हावी तर प्रबंधांना इतका सरावला होता की दाढी करता करता विचारी, "प्रश्नावली छोटी आहे की मोठी?"

कॉलेजच्या फाटकासमोरच्या इस्त्रीवाल्यावर आजवर चार प्रबंध झाले होते. माणूस मुळात भिडस्त. समोरच्याला जे ऐकायचं असेल ते सांगावं, बिचाऱ्याला पदवी मिळेल, हा त्याचा साधा हिशेब. एकीला परंपरा हवी होती, तिला त्याने सांगितलं, चार पिढ्या इस्त्रीच करतोय. दुसऱ्याला स्थलांतर हवं होतं, त्याच्यासाठी तो बोटीतून आला. तिसऱ्याला बंडखोरी हवी होती. त्याच्यापुढे तो टेबलावर मूठ आपटून दोन वाक्यं बोलला आणि मग त्याचा शर्ट घडी करून दिला.

बायको बटणं लावता लावता हे सगळं ऐकायची आणि म्हणायची, "अहो, एक दिवस अंगाशी येईल."

आलं. कॉलेजने फाटकासमोरची दुकानं पाडून तिथे 'सामान्य जनजीवन अभ्यास केंद्र' उभारायचं ठरवलं. सामान्य जनांना अर्थातच हलवायचं होतं. ज्याचं दुकान वीस वर्षांहून जुनं, त्याला नव्या इमारतीत तळमजल्यावर गाळा. बाकीच्यांना रस्ता मोकळा. फक्त पुरावा कागदी हवा. इस्त्रीवाल्याच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली होती, पण परवान्याचे जुने कागद त्याने कधीच संपवले होते. घडी केलेल्या शर्टाची कॉलर ताठ राहावी म्हणून आत कागद घालायची त्याची पद्धत. वर्ष उलटलं की परवाना कॉलरखाली. त्याचा सगळा पुरावा प्राध्यापकांच्या मानेला टेकून गावभर फिरून आला होता.

"प्रबंध आहेत ना!" तो म्हणाला. "चार-चार जणांनी लिहून ठेवलंय."

दोघं ग्रंथालयात गेली. चारही प्रबंध टेबलावर आले. गावाचं नाव कुठेच नव्हतं, दुकानाचं नव्हतं, त्याचं तर नव्हतंच. ओळख लपवायचा नियम म्हणे. एकात तो वाळवंटातला, एकात किनाऱ्यावरचा. सगळ्यात जाडजूड आणि जुन्या प्रबंधात तो 'माहितीदाता क्रमांक एक' होता. बायकोने ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "'विधुर. एकाकी. इस्त्रीच्या वाफेत गतपत्नीचा चेहरा शोधतो.'"

"हे मी नाही बोललो गं. तुझी शप्पथ."

"माझी कशाला घेता? मी मेले ना!"

घरी ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मेलेली माणसं बोलत नाहीत, एवढंच एकदा म्हणाली. त्याला मात्र खरंच काही आठवत नव्हतं. इतक्या जणांना इतकं काही सांगितलं होतं की आपण बायकोलाही मारलं असेल का, अशी त्याला शंका येऊ लागली.

त्या जाड प्रबंधाचे लेखक आता कॉलेजचे कुलसचिव झाले होते. गाळ्याच्या यादीवर सहीही त्यांचीच. तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाला प्रबंध घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. मागे बायको, हातात कापडी पिशवी.

"साहेब, हा क्रमांक एक म्हणजे मीच. तुम्ही सांगितलंत की काम झालं."

कुलसचिवांनी चष्मा पुसला. "सांगता येणार नाही. माहितीदात्याची ओळख जपण्याची मी शपथ घेतलेली आहे. तुमच्याच भल्यासाठी."

"पण मीच म्हणतोय, की मी आहे!"

"तुम्ही म्हणाल हो. संशोधनाला नीतिनियम असतात."

बायको पुढे झाली. पिशवीतून तिने एक तपकिरी कोट काढला. न नेलेले कपडे ती टाकत नसे. चिठ्ठी टाचून, दर वर्षी ऊन दाखवून ठेवून देई. "वसतिगृह, खोली चौदा. अठरा वर्षं झाली. हा तरी तुमचाच ना?"

"अरेच्चा!" कुलसचिव खुर्चीतून उठलेच. "हा मी कुठे कुठे शोधला!" आणि मग आपण काय कबूल केलं ते लक्षात येऊन ते हळूच बसले. "म्हणजे... अठराच वर्षं झाली. वीस नाहीत."

कोटाला कागदाची एक पुडी टाचलेली होती. गिऱ्हाइकाच्या खिशात सापडेल ते न उघडता पुडीत बांधायचं, हा दुकानाचा शिरस्ता. कुलसचिवांनी पुडी सोडली. आत चार घड्यांची प्रश्नावली होती, उत्तरं त्यांच्याच तरुण, तिरक्या अक्षरात. ते मनातल्या मनात वाचू लागले, तशी बायकोने मान वाकडी करून मोठ्याने वाचलं.

"'दुकान किती वर्षं? सात.' सात नि अठरा किती, साहेब? बरं, पुढे... 'घरी कोण? बायको. शेजारी बसून बटणं लावते आहे. मला चहा दिला.'"

ती थांबली. नवऱ्याकडे वळून बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं. इस्त्रीवाल्याच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"माझे मार्गदर्शक म्हणाले होते," कुलसचिव कोटाच्या बटणांशी चाळा करत पुटपुटले, "एकाकीपणाचं एक प्रकरण हवंच."

त्यांनी यादी पुढे ओढली, पेन उघडलं. "ठीक आहे. नाव सांगा."

अठरा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तो गडबडला आणि सवयीने म्हणाला, "तुम्हाला कसलं हवंय?"

बायकोने कोपर मारलं, तसं त्याने खरं नाव सांगितलं. कुलसचिवांनी ते लिहिलं, सही केली आणि कोटाकडे हात केला. तिने कोट आपल्याकडे ओढला.

"आधी खाली लिहा," ती म्हणाली, "बायको जिवंत आहे."