थांब नावाची मुलगी

सकाळपासून घरात मक्याच्या भाकरीचा वास दरवळत होता आणि स्टांका अंगणात पाहुण्यांसाठी शेळीचं दूध काढत होती. तिच्या तान्ह्या बहिणीचं बारसं होतं. घरातले सगळे तिला कामं सांगत होते, पण हाक मारताना 'पोरी' नाहीतर 'अगं', एवढंच. नऊ वर्षांच्या त्या मुलीला घरात कुणी नावाने हाक मारत नसे.

स्टांका म्हणजे 'थांब'. आमच्या ह्या डोंगरात मुलगा झाला की बंदुका झाडतात. मुली होऊ लागल्या की एकीचं नाव ठेवतात 'थांब', पुढचीचं 'पुरे', म्हणजे देवाला समजावं. स्टांका तर पहिलीच. पण तिचे आजोबा माशान ह्यांना तेवढाही धीर नव्हता.

पुढे तिला भाऊ झाला. बंदुका झाडल्या. पण एका दुपारी पाळण्यातच त्याचा श्वास थांबला आणि तेव्हा पाळण्याची दोरी स्टांकाच्या हातात होती. "तुझं नाव बाधलं त्याला," आजोबा म्हणाले. पाच वर्षांच्या लेकराला हे सांगताना त्या जाणत्या माणसाची जीभ जराही अडखळली नाही. त्या दिवसापासून तिचं नाव घरात कुणी उच्चारलं नाही आणि पाळण्याजवळ जायची तिला बंदी झाली. रात्री तिला दोरीची करकर ऐकू यायची. पाळणा तर केव्हाच माळ्यावर गेला होता.

आता पुन्हा मुलगी झाली होती. आजोबांनी नाव ठरवलं होतं, डोस्टा. म्हणजे 'पुरे'.

बारशाला नाव उच्चारायचा मान मात्र कूमचा. कूम म्हणजे कुटुंबाशी पिढीजात धर्माचं नातं असलेला माणूस. कूम बोलेल ते नाव बापालाही मोडता येत नाही. आई तर बारशाच्या खोलीत पाऊलही टाकत नाही. कूम वुकोता भला माणूस होता. घरच्यांनी सांगितलेलं नाव तो मुकाट्याने उच्चारायचा. स्टांकाचंही त्यानेच उच्चारलं होतं.

तो आला तेव्हा स्टांकाने त्याच्या हातावर पाणी घातलं आणि हळूच विचारलं, "माझं नाव तुम्हीच दिलंत ना? मग परत घ्या ना."

"दिलेलं नाव परत घेता येत नाही गं, पोरी."

"मग बाळाला तरी तसलं देऊ नका."

वुकोता हात न पुसताच आत गेला.

गावात नव्याने आलेल्या धर्मगुरूंनी नाव विचारलं. आजोबांनी वुकोताच्या कानात सांगितलं. वुकोता आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिला. तेवढ्यात आतलं दार उघडून येलिसावा, त्या लेकींची आई, बाहेर आली.

"रादुना," ती म्हणाली. "आनंद झालाय मला हिच्या येण्याने."

"बाईने नाव ठेवलेलं ह्या घरात कधी ऐकलंय?" आजोबांनी विचारलं.

"नाही ऐकलंत, मामंजी. आज ऐका. एका लेकीचं तुम्ही भूत केलंत. दुसरी देणार नाही."

तिचा नवरा खाली मान घालून उभा होता. वुकोताने एकदा दाराबाहेरच्या स्टांकाकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रादुना." कूम बोलला होता. आजोबा टोपी उचलून बाहेर निघून गेले.

येलिसावाने स्टांकाला हाताला धरून आत आणलं, चुलीजवळ बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. स्टांका बाळाच्या श्वासाकडे एकटक बघत राहिली.

धर्मगुरूंना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मायेने विचारलं, "आणि ताईचं नाव काय?"

स्टांकाने दोन्ही तळव्यांनी बाळाचे कान घट्ट झाकले आणि मगच आपलं नाव सांगितलं.