निरोपाची जुडी

पॅसिफिक वेठबिगार निर्मूलन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, संचालकांच्या खोलीत, एक हिरवं लोखंडी कपाट होतं. त्यात केंद्राचे करारनामे, शिक्के, कुठल्याशा परिषदेत उरलेल्या पन्नास टोप्या आणि तारीचा पासपोर्ट असायचा. पासपोर्ट हरवू नये म्हणून ठेवलेला. तारी सांगायचा की बोटीवरच्या कप्तानानेही तो हरवू नये म्हणूनच ठेवून घेतला होता, आणि त्याचंही कपाट हिरवंच होतं.

तारी वानुआतूचा, पेंटेकोस्ट बेटावरचा. ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर सव्वीस महिने राबला, त्यातले शेवटचे चौदा जमिनीला पाय न लावता. बोट डिझेल भरायला फिजीच्या सुवा बंदरात लागली तेव्हा बंदरावरच्या दोन निरीक्षकांनी त्याला उतरवून घेतलं. यात केंद्राचा काडीचाही संबंध नव्हता. केंद्र धोरण आखायचं. पण सुटलेला माणूस कुठेतरी ठेवायला हवा म्हणून निरीक्षकांनी त्याला केंद्राच्या हवाली केलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच केंद्राला खराखुरा वेठबिगार मिळाला. असा माणूस हाती लागल्यावर कोण सोडतो?

आठ महिन्यांत तारीच्या सतरा कार्यशाळा झाल्या. प्रसिद्धी विभागाने त्याची सव्वीस महिन्यांची हकीकत बारा मिनिटांत बसवून दिली. नवव्या मिनिटाला त्याने खाली बघून गप्प व्हायचं, कारण तिथे फोटो काढायचे असत. त्याला ‘सुरक्षित निवासा’त खोली होती. दारावर वही होती, वहीत सही करून बाहेर पडायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत परत यायचं. हे सगळं त्याच्याच भल्यासाठी.

आलेसी नाइवालू या केंद्राची धोरणतज्ज्ञ. माणूस वेठीला धरलाय हे कसं ओळखायचं, याच्या नऊ खुणांचं पत्रक तिनेच लिहिलेलं. बेटाबेटांतल्या निरीक्षकांना ती ते शिकवायची, आणि रविवारच्या चर्चमधल्या गाण्यासारखं ते तिला तोंडपाठ होतं. एवढं पाठ असूनही आपल्याच इमारतीकडे तिने कधी त्या नजरेने पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तारी तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. दाढी चांगलीच वाढलेली.

“मॅडम, रविवारी बाबांचा शंभरावा.”

वडील गेल्याचं त्याला फोनवरच कळलं होतं. तेव्हापासून तो दाढी करत नव्हता. शंभराव्या दिवशी डुकरं कापायची, रताळी आणि सुरण भाजायचे, गाव जेवायला घालायचं, आणि मग थोरल्या मुलाने दाढी उतरवायची. तोवर बाप पुरता गेलेला नसतो.

“धाकटा भाऊ करेल ना?” आलेसीने विचारलं, आणि विचारताक्षणीच तिला आपली लाज वाटली.

“थोरला मीच आहे. मी नसलो तर सगळे नुसते बसून राहतील. गुरुवारचं विमान गाठलं तर पोचतो. पुढचं एकदम आठवड्याने.”

“तुमचं तिकीट तर केव्हाच मंजूर झालंय.”

“हो. तीनदा.”

आलेसी तडक संचालकांकडे गेली. डॉ. हार्कनेस मूळचे कॅनबेराचे. फिजीत दहा वर्षं काढलेली, त्यामुळे आपण निम्मे फिजीयनच झालोय अशी त्यांची समजूत. दर शुक्रवारी फुलाफुलांचा शर्ट घालायचे, कमरेला सुलू गुंडाळायचे, आणि नव्या माणसाला इथल्या रीतीभाती समजावून सांगायचे. नवा माणूस फिजीयन असला तरी सांगायचे.

“जायला माझी काहीच हरकत नाही,” ते म्हणाले. “आपण कोणाला अडवणारे कोण? पण बुधवारी कार्यशाळा आहे. मग होनियाराचा दौरा. मग बँकॉकची मोठी बैठक. ती झाली की लगेच.”

“वडिलांचा शंभरावा दिवस आहे, सर.”

“मला फार आदर आहे त्या प्रथेचा. उलट ती दाढी बँकॉकपर्यंत राहिली तर बरंच. पोस्टरवर तीच आहे.”

“त्याला जायचंय.”

“आलेसी, त्याने कार्यशाळांच्या संमतीपत्रावर सही केलीय.”

“सही केली की पासपोर्ट मिळेल असं सांगितलं होतं त्याला.”

“मिळणारच आहे,” डॉ. हार्कनेस मायेने म्हणाले. “ती एक प्रक्रिया आहे.”

ती जागेवर परतली आणि स्वतःचंच पत्रक समोर ओढलं. कागदपत्रं ताब्यात ठेवणं, हालचालीवर बंधन, खोटी आश्वासनं, काम संपलं की नवं काम. नऊपैकी सहा खुणा जुळल्या. सातवीपाशी तिने पेन्सिल खाली ठेवली. तिला रडू येईना, नुसती चीड आली, आणि त्यातली बरीचशी स्वतःवरच होती. तिचा करार दर डिसेंबरात नव्याने व्हायचा आणि त्यावर सही डॉ. हार्कनेस यांची असायची, हेही तिला त्याच वेळी आठवलं.

खाली गाडीपाशी सेमीमामा बसले होते. केंद्राचे ड्रायव्हर. गावाकडे मात्र त्यांच्या घराण्याला सरदाराच्या वतीने बोलायचा मान होता, आणि चार माणसांत ते बोलायला बसले की भलेभले मान खाली घालून ऐकायचे. आलेसीने त्यांना सगळं सांगितलं.

“पाव्हणा निघताना निरोप मागतो,” मामा म्हणाले. “यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवतो. यजमानाने मुळाला हात लावला की निरोप दिला. त्यानंतर अडवायचं नसतं.”

“माहीत आहे, मामा.”

“साहेबांना कळते का ही रीत?”

“साहेब म्हणतात, सगळ्या कळतात.”

“मग झालं तर,” मामा म्हणाले. “जुडी चांगली आण. बारकी नको.”

बुधवारी हॉटेलच्या हॉलमध्ये तीस निरीक्षक जमले. निधी देणाऱ्या संस्थेच्या बाई लांबून आल्या होत्या, त्या वही उघडून पहिल्या रांगेत. प्रत्येकापुढे नऊ खुणांचं पत्रक. उद्घाटनाला नेहमी अशीच जुडी ठेवून स्वागताचा विधी व्हायचा, त्यासाठी चटई अंथरलेली, आणि चटईवर डॉ. हार्कनेस सुलू सावरत मांडी घालून बसलेले. विधीत टाळ्या केव्हा वाजवायच्या हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, भाषा तेवढी कधी आली नव्हती.

सेमीमामा तारीला घेऊन गुडघ्यांवर पुढे सरकले. वर्तमानपत्रातून सोडवलेली, हातभर लांब मुळांची जुडी त्यांनी चटईवर ठेवली आणि फिजीयनमध्ये बोलायला सुरुवात केली. पहिल्या दोन वाक्यांनंतर हॉलमधली कुजबुज थांबली. लबासाहून आलेल्या जुन्याजाणत्या निरीक्षकाने तोंडातला बिस्किटाचा घास तसाच धरला. मामा बापाबद्दल बोलत होते, बेटाबद्दल, वाट बघणाऱ्या माणसांबद्दल. डॉ. हार्कनेस डोळे किलकिले करून भाविकपणे मान डोलवत होते. त्यांच्या मते त्यांचं स्वागत चाललं होतं.

मामा थांबले. डॉ. हार्कनेस पुढे वाकले, त्यांनी मुळांना हात लावला आणि ओंजळीने तीनदा टाळी वाजवली. पाठोपाठ तीस ओंजळी वाजल्या. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

“फारच हृद्य,” निधीच्या बाई शेजारच्या निरीक्षकाला म्हणाल्या. “काय म्हणाले ते?”

“तारीने घरी जायला निरोप मागितला. वडिलांचा शंभरावा दिवस आहे. साहेबांनी दिला. उद्याच्या विमानाने जातोय.”

“वा! डॉक्टर, तुम्ही कळवलंसुद्धा नाहीत.”

डॉ. हार्कनेस यांचं हसू होतं तिथेच राहिलं. त्यांनी आलेसीकडे पाहिलं. आलेसी समोरच्या पत्रकाकडे पाहत होती.

“म्हणजे, तसा तो निरोप... तत्त्वतः...” ते म्हणाले.

“हात लावलात, साहेब,” जुना निरीक्षक अदबीने म्हणाला. “मुळाला हात लावलेला सगळ्यांनी बघितला. रीत तर तुम्हाला माहीतच आहे.”

दहा वर्षांची फिजीयनगिरी पणाला लागली होती. “अर्थातच माहीत आहे,” डॉ. हार्कनेस म्हणाले.

“प्रवासाची तयारी झाली ना?” बाईंनी विचारलं.

“तिकीट झालंय,” आलेसी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला जरा मोठाच वाटला. “पासपोर्ट तेवढा सरांच्या कपाटात आहे.”

बाईंचं पेन थांबलं. “कपाटात का?”

“हरवू नये म्हणून,” डॉ. हार्कनेस म्हणाले.

तीस निरीक्षकांनी पत्रकाकडे पाहिलं. पहिली खूण पहिल्याच ओळीत होती: कागदपत्रं ताब्यात ठेवणं. लबासाच्या निरीक्षकाने सवयीने त्यापुढे बरोबरची खूण केली, आणि मग एकेक करून बाकीच्यांचीही पेनं चालू झाली. कपाटाची किल्ली डॉ. हार्कनेस यांनी स्वतःच सेमीमामांच्या हातावर ठेवली.

सव्वाअकराला तारीची बारा मिनिटं होती. तो माइकपाशी गेला. “आज काही सांगायचं नाही,” म्हणाला. “सामान बांधायचंय.” आणि जाऊन बसला. फोटोग्राफर नवव्या मिनिटाची वाट बघत राहिला.

गुरुवारी विमानतळावर तारीने पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी तो खिसा चाचपत होता. “येते वर्षी सुरणाच्या वेळी या, मॅडम,” तो म्हणाला. “सही-बिही नको, नुसतं या.” तो आत गेल्यावर आलेसी गाडीत बसून पोटभर रडली. सेमीमामांनी गाडी सुरू केली नाही.

डिसेंबरात वार्षिक अहवाल आला. त्यात एक रकाना असायचा: या वर्षी वेठबिगारीतून मुक्त केलेल्या व्यक्ती. अकरा वर्षं तिथे ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं लिहिलं जायचं. यंदा डॉ. हार्कनेस स्वतः आलेसीच्या टेबलापाशी आले.

“तारीला इथे दाखवता येईल, नाही का? एक म्हणून?”

“येईल की, सर.”

तिने ‘एक’ लिहिलं. शेजारचा रकाना होता: कोणाच्या ताब्यातून. तिथे तिने केंद्राचं पूर्ण नाव घातलं, पत्ता घातला, दुसरा मजलाही घातला. डॉ. हार्कनेस यांनी ‘एक’ पाहिला, खूश झाले, आणि नेहमीप्रमाणे पुढचं न वाचता खाली सही केली. अहवाल त्याच दुपारी निधीच्या बाईंकडे गेला.

घरी जाताना आलेसीने सुवाच्या बाजारात गाडी थांबवायला सांगितली आणि यांगोनाची आणखी एक जुडी घेतली.

“ही कोणासाठी?” सेमीमामांनी विचारलं.

“माझ्यासाठी,” ती म्हणाली. “बाई वाचतील तेव्हा लागेल.”