पिवळ्या दिव्यावरची पट्टी

मी आर्विड टॉलेफसनचा जुना पिकअप ट्रक बोलतोय. ट्रक म्हटल्यावर कांद्याची पोती लादलेला अवजड गडी तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल, तर तो मी नव्हे. पुढे तिघांपुरतं एक सलग बाक, मागे उघडा हौदा आणि एके काळी रंग हिरवा होता असं सांगणारे पत्र्यावरचे थोडे डाग, एवढंच माझं ध्यान. अमेरिकेतल्या मोंटानाच्या पूर्वेकडच्या गवताळ माळावर जन्म गेला. आता फार थकलोय. बोलता बोलता धाप लागली तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा किती ऐटीत होतो, ते सांगण्यात आता अर्थ नाही. माझा पहिला मालक घरं रंगवायचा. त्यानं सांडलेला पांढरा रंग अजून माझ्या हौद्यात आहे. तो थकला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि बादल्या-ब्रशांबरोबर मीही विकला गेलो. आर्विड तिथे शिडी घ्यायला आला होता. ती न्यायला काहीतरी हवं म्हणून मला घेतलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याची बायको लेनोर म्हणायची, "आणि शिडी अजून भिंतीला टेकून आहे. चढलंय का कुणी तिच्यावर?" लेनोरला जाऊन बरीच वर्षं झाली.

माझं काम पाणी वाहायचं. इथल्या विहिरीचं पाणी इतकं खारट, की गुरंसुद्धा तोंड फिरवतात. म्हणून हौद्यात टाकी ठेवायची, गावातल्या नळावर जायचं, टाकी भरायची आणि डुचमळत परत यायचं. पाणी आलं तर गाई राहणार आणि गाई राहिल्या तर आर्विड इथे राहणार. त्याची मुलगी मारित गावात शाळेची बस चालवते. दर रविवारी चर्च सुटलं की ती यायची.

"बाबा, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे."

"असू दे की. हवा खेळती राहते."

इथल्या माणसांची एक रीत आहे. समोरून ओळखीचा ट्रक आला की दोघं भर रस्त्यात खिडकीला खिडकी लावून थांबतात. इंजिन बंद करायचं नाही. बंद केलं तर हा मुक्कामालाच आला, असं समोरच्याला वाटतं. कोपर खिडकीबाहेर, थर्मासच्या झाकणात कॉफी, आणि मग गवत, वासरं, कुणाचं तरी ऑपरेशन. मनातलं मात्र कुणी बोलत नाही. 'तसं वाईट नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला आनंदानं आभाळ ठेंगणं झालंय असं समजायचं. शेजारचा ड्वेन केसल आणि आर्विड यांची दोस्ती अशी खिडकीतूनच म्हातारी झाली.

मागच्या हिवाळ्यात माझा पिवळा दिवा लागला. इंजिनात काही बिनसलं की काट्यांशेजारी लागतो तो. मला तोंड म्हणून तेवढंच. जोडीला थरथर सुरू झाली. धावताना ठीक असायचो, पण उभा राहिलो की हीव भरल्यासारखा हलायचो. स्टिअरिंग, आरसा, बाक, सगळं हलायचं.

आर्विडनं दुसऱ्याच दिवशी बॉनेट उघडलं. रबरी नळीचा तुकडा कानाला लावला आणि दुसरं टोक चालू इंजिनावर सावकाश फिरवलं. मागच्या कोपऱ्यात, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथे माझा एक रबरी पाइप चिरला होता आणि मी तिथून भलतीच हवा ओढत होतो. आर्विडनं चिरेवर बोट दाबलं. माझी थरथर थांबली. माझ्या पत्र्यावर टेकलेला त्याचा दुसरा हात मात्र हलतच राहिला.

त्या हाताकडे तो बराच वेळ बघत होता. मग त्यानं चिरेवरचं बोट काढून घेतलं, बॉनेट लावलं, आत येऊन बसला आणि माझ्या पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

मला राग आला. एकुलतं एक तोंड आणि त्यावर पट्टी! पण ड्वेन खिडकीशी येऊन थांबला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आर्विडच्या हातातली कॉफी त्याच्या बाहीवर सांडली आणि ड्वेन खो खो हसला.

"अरे लेका, ट्रक आहे की धान्य चाळायची चाळण?"

"म्हातारा झालाय रे. थंडी सोसत नाही त्याला," आर्विड म्हणाला.

सगळं माझ्या नावावर. घ्या म्हटलं. त्याचा हात हलतो हे मारितला कळलं तर ती किल्ली काढून घेणार. किल्ली गेली की पाणी, गाई, घर, सगळं गेलंच. त्या दिवसापासून मी मन लावून थरथरलो.

पण माणसं भली असली की स्वस्थ बसत नाहीत. ड्वेन इंजिनातल्या बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र घेऊन आला. ते म्हणालं, हवा जास्त, पेट्रोल कमी. इथे यंत्र ज्या भागाकडे बोट दाखवेल तो भाग डोळे मिटून बदलतात. ड्वेननं धुराच्या नळीतला सेन्सर बदलला. मी थरथरतच राहिलो. मग मारितनं प्लग बदलले. तरी तेच. आर्विड दोन्ही हात खिशात घालून बाजूला उभा असायचा.

"राहू दे गं. चालतोय ना तो!"

"बर्फात मध्येच बंद पडला म्हणजे? तुम्हाला इथेच राहायचंय ना? मग हा धड नको का?"

पोरगी त्याच्यासाठीच झटत होती, याचं मला जास्त वाईट वाटायचं.

वसंतातल्या एका रविवारी ती फवाऱ्याचा डबा घेऊन आली. मी चालू असताना एकेका पाइपवर फवारू लागली. मी श्वास रोखून धरला असता, पण तेवढंच तर मला जमत नव्हतं. फवारा चिरेवर आला, आत ओढला गेला आणि माझा आवाज एकदम चढला.

"सापडलं!" मारित ओरडली.

नवा पाइप बसायला वेळ लागला नाही. मी शांत झालो, कारखान्यातून निघालो तेव्हा होतो तितका. मारितनं दिव्यावरची पट्टी ओरबाडून काढली. दिवा विझलेला होता. मग तिनं काठोकाठ कॉफी ओतून कप चालू इंजिनावर ठेवला. इंजिन जोखायची ही तऱ्हा तिला लहानपणी आर्विडनंच शिकवली होती. कॉफीवर एक तरंग उठेना.

"बघा बाबा! थेंब हलत नाहीये. घ्या, हा कप तुमचाच."

त्याला हात खिशातून काढावा लागला. कप त्याच्या हातात गेला आणि कॉफी काठावरून सांडली, बोटांवर, बुटांवर, माझ्या पत्र्यावर. मारितनं माझ्याकडे बघितलं. मी अगदी स्तब्ध होतो. माझी इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"कधीपासून, बाबा?"

"याचा दिवा लागला त्याच सुमाराला."

"आणि हा पाइप? तुमच्या कानातून सुटणं शक्यच नाही."

"नाही सुटला."

तिनं कप त्याच्या हातातून घेतला, खाली ठेवला आणि तो हात आपल्या तेलकट हातांत घट्ट धरून ठेवला. ती रडत होती. हात तिच्या मुठीतही हलत होता.

पुढे डॉक्टर झाले, गोळ्या आल्या. आता हमरस्त्यावर मारित मला चालवते. आर्विडनं चालवायचं ते फक्त स्वतःच्या माळावर, तेही ती शेजारी असताना. शरदात गाई विकायचं ठरलंय. तो गावातल्या त्या खोलीत जाईल आणि मला हौद्यावर 'विकणे आहे'ची पाटी लावून फाटकाशी उभा करतील.

परवा माळावर ड्वेनचा ट्रक समोरून आला आणि खिडकीशी थांबला.

"अरे वा! हलायचा थांबला की रे तुझा म्हातारा!"

आर्विडनं हात स्टिअरिंगवरून उचलला आणि खिडकीच्या काठावर, ड्वेनला दिसेल असा ठेवला. "तो थांबला. हा नाही थांबत."

ड्वेन हाताकडे बघत राहिला. मग त्यानं नजर ढगांकडे वळवली आणि थर्मास उघडला.

"मग यापुढे झाकण अर्धंच भरायचं," तो म्हणाला आणि अर्धं झाकण कॉफी आर्विडपुढे धरली. एक थेंब सांडला नाही.

मला जो कोणी विकत घेईल त्याला माझं एवढंच सांगणं आहे. गावात मारितच्या घराबाहेर एक म्हातारा खुर्ची टाकून बसलेला दिसेल. त्याच्याशेजारी मला थांबव. खिडकी खाली कर, इंजिन बंद करू नकोस, आणि कॉफी देशील ती अर्धीच दे.