बिनशटरचा टीव्ही

मी एक जुना टीव्ही आहे, हे कबूल. पण स्वस्तातला म्हणून कुणी नाक मुरडलं, तर मित्रांनो, मला अजूनही राग येतो. खरं तर माझं वय फार नाही. चार वर्षांमागे मी कोरा करकरीत होतो. पण आम्हा टीव्हींच्या जातीत म्हातारपण लवकर येतं, कारण दर दिवाळीला बाजारात कुणीतरी नवा येऊन बसतो. सध्या माझा मुक्काम बेळगावजवळच्या कडोलीत, नागोजींच्या माळ्यावर, भुईमुगाच्या पोत्यांशेजारी आहे. पोती गरीब स्वभावाची आहेत. माझं बोलणं निमूट ऐकून घेतात. आज तुम्हीही ऐका.

मला कुठल्या कारखान्यात जोडलं, ते मला आठवत नाही. कुणीतरी माझ्या पोटात तारा भरल्या, कुणीतरी पाठीवर झाकण बसवलं, आणि गवताच्या पेंढ्यात गुंडाळून मला खोक्यात घातलं. मी जागा झालो तो बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानात.

तिथे माझ्या शेजारी एक मोठा टीव्ही होता. लाकडी पेटी, चार पाय आणि तोंडापुढे सरकणारं शटर. त्या शटराला किल्लीसुद्धा होती! मी आपला चौदा इंची, लाल प्लॅस्टिकचा, डोक्यावर उचलून न्यायची कडी. चित्र दोघांचंही काळंपांढरंच, पण त्याचा तोरा काय वर्णावा! तो मला 'पिशवी' म्हणायचा. त्याच्या किमतीत मी आलो असतो आणि वर शेळ्यांची एक जोडी. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचं शटर दोन-चारदा उघडझाप करून बघे, मग किंमत ऐके, आणि मग उसासा टाकून माझ्याकडे वळे. असा उसासा ऐकणं कुणाला आवडेल?

शहाऐंशी सालच्या जानेवारीत नागोजी, त्यांची बायको बाळाबाई आणि थोरला मुलगा रवळू दुकानात आले. त्यांचा धाकटा मुलगा शामू मिलिटरीत होता. दोन वर्षं झाली, त्याला घरी येता आलं नव्हतं. आता सुट्टीवर आलेल्या एका जवानानं निरोप आणला होता, की शामू सव्वीस जानेवारीला दिल्लीच्या परेडमध्ये चालणार आहे आणि ते टीव्हीवर दिसणार आहे. बाळाबाईला पोराचं तोंड बघायचं होतं. बाकी टीव्हीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

रवळूची नजर आल्याआल्या शटरवाल्यावर बसली.

"आप्पा, घ्यायचा तर ह्योच घ्या. उद्या माझ्या सोयरिकीला पावणं येतील. त्यास्नी काय हे लाल डबडं दाखवायचं?"

"परेड बघाय घ्यायचा हाय रं," नागोजी म्हणाले, "पावण्यास्नी दाखवाय न्हवं."

"मग आयचंच बघा की. तिला सुईत दोरा ववता येत न्हाय. एवढ्याशा काचंत तिला शामू दिसंल व्हय?"

बोलणं खरं होतं, म्हणून मला जास्तच झोंबलं. दुकानदार खूश झाला.

"नोडी आक्का," तो कानडी वळणानं म्हणाला, "बघा, ह्यात माणूस केवढा दिसतो!"

बाळाबाईनं मोठ्या टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "करंट गेल्यावर काय हुतंय?"

दुकानदारानं डोकं खाजवलं. "करंट गेल्यावर काय आक्का, मोठा बंद. हा लहान तेवढा बॅटरीवर चालतो. ट्रॅक्टरची लावा, मोटारीची लावा."

"मग ह्योच द्या," बाळाबाई म्हणाली. "आमच्याकडं करंट मनाला आलं की जातोय. माझा पोरगा तेवढ्यातल्या तेवढ्यात येऊन जाणार. करंट आल्यावर परत फिरून येणार हाय व्हय त्यो? म्या फुडं बसतो. दिसंल मला."

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी उसासा न टाकता मला पसंत केलं. शटरवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं असणार, पण त्याचं शटर तेव्हा बंद होतं.

एसटीत बाळाबाईनं मला मांडीवर घेतलं. रवळू मुद्दाम लांबच्या सीटवर जाऊन बसला. घरी आल्यावर माझी साग्रसंगीत पूजा झाली. काचेवर मधोमध कुंकू लागलं, कडीत झेंडूची माळ अडकवली, आणि नारळ मात्र नागोजींनी बाहेर उंबऱ्यावर फोडायला लावला, नाहीतर पहिल्याच दिवशी माझ्या पोटात नारळाचं पाणी गेलं असतं. कौलांवर बांबूला अँटेना बांधला. तो फिरवता फिरवता सगळी गल्ली ओरडत होती, "आलं! गेलं! आलं रं, तिथंच धर!"

रवळूचा राग काही जाईना. त्यात कहर असा, की दोनच दिवसांनी चार घरं सोडून राहणाऱ्या कल्लाप्पांनी माझा तो शटरवाला शेजारीच घरी आणला. सव्वीस तारखेला सकाळी रवळू भावाला बघायला तिकडे गेला. निम्मी गल्लीही तिकडेच गेली. मला फार अपमान वाटला, खोटं कशाला बोलू?

बाळाबाई पहाटेच न्हाऊन, नेसून, तबक तयार करून माझ्यासमोर बसली होती. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. मला वाटलं, पूजा तर झाली, आता हे कशाला?

परेड सुरू झाली. बँड वाजू लागला. आणि शामूच्या पलटणीची पाळी जवळ आली असेल-नसेल, तोच करंट गेला. 'हाऽऽ' असा आवाज सगळ्या गल्लीत झाला. नागोजींनी गल्लीतल्या परशरामाच्या ट्रॅक्टरची बॅटरी आधीच आणून ठेवली होती. त्यांनी घाईघाईनं तारा लावल्या. माझी काच तापून चित्र यायला जरा वेळ लागतो. तो जरासा वेळ मला स्वतःलाही सोसवेना. बाळाबाई हात जोडून "ये रं बाबा, ये रं" म्हणत होती. मला म्हणत होती की शामूला, कोण जाणे.

मी पेटलो! आणि कल्लाप्पांच्या घरून माणसांचा लोंढा आला. सगळ्यात पुढे रवळू. आता लाल डबड्यापुढे त्याला टेकायला जागा मिळेना. तो दाराच्या चौकटीला चिकटून उभा राहिला. मित्रांनो, मला इतकं हसू आलं की चित्र जरा हललंसुद्धा.

निवेदकानं पलटणीचं नाव घेतलं. रवळू ओरडला, "आली! आयं, शामूची पलटण आली!"

त्याबरोबर बाळाबाई उठली, तिनं निरांजन पेटवलं आणि तबक घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. लांबून आलेल्या मुलाला ओवाळल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, ही आपली रीत. शामू तिच्या घरात येत होता, मग ती बसून कशी राहील? ती ओवाळू लागली. मी चौदा इंची, आणि बाळाबाई अंगापिंडानं भरलेली. माझी काच तिच्या पाठीआड पार नाहीशी झाली.

"आक्का, बस की गं!"

"आक्का, तुझ्या पाठीबिगर काय दिसंना झालंय!"

"मोठा घेतला असता तर कडंनं तरी दिसलं असतं," रवळू कळवळून म्हणाला.

"ओवाळू दे तिला," नागोजी म्हणाले.

आता एक गोष्ट सांगतो. टीव्हीला स्वतःची काच दिसत नाही. माझा आवाज मला ऐकू येतो, पण माझ्यावर काय चाललं आहे ते मला कधीच बघायला मिळत नाही. मला दिसतात ती फक्त बघणाऱ्यांची तोंडं. म्हणून त्या दिवशी गल्लीनं बाळाबाईची पाठ बघितली आणि मी तिचं तोंड बघितलं. ओठ थरथरत होते. गालांवरून पाणी वाहत होतं. आणि डोळे घट्ट मिटलेले होते. देवासमोर उभं राहिलं की आपोआप मिटतात ना, तसे.

शामूची पलटण आली आणि गेली. निवेदकानं पुढचं नाव घेतलं, बँडची चाल बदलली. मग बाळाबाईनं डोळे उघडले, माझ्या काचेला अक्षता लावल्या आणि ती मागे वळली.

"दिसला काय गं आक्का?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"दिसला की," ती म्हणाली. "लई वाळलाय."

लगेच बायका हळहळल्या. तिकडे जेवण नीट मिळत नसेल, थंडी किती असेल, अशी चर्चा सुरू झाली. रवळूनं आत जाऊन तिला पाणी आणून दिलं. त्यानंतर त्यानं मला डबडं म्हटलं नाही. उलट सोयरिकीचे पाहुणे आले, तेव्हा त्यानंच मला बॅटरीवर चालवून दाखवलं आणि "करंटची फिकीरच न्हाय बघा" म्हणून भाव खाल्ला.

मे महिन्यात शामू सुट्टीवर आला. पायरी चढायच्या आधी त्यानं विचारलं, "आयं, म्या दिसलो काय गं? म्या आतल्या रांगंत हुतो. दिसलोच नसंन असं वाटूलालतं."

"दिसलास की रं," बाळाबाई म्हणाली, आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून खूप वेळ बघत राहिली. तेव्हा मात्र तिनं डोळे मिटले नाहीत. जेवताना तिनं त्याला भाकरी मोजू दिली नाही.

पुढची वर्षं मजेत गेली. रविवारी सकाळी घरात पाय ठेवायला जागा नसायची. उन्हाळ्यात मला कडी धरून अंगणात नेत. माझा एक गोल कान तुटला, म्हणजे आवाजाचं बटण हो, तर तिथे पक्कड लावून काम भागवलं. या दिवाळीला रवळूनं रंगीत टीव्ही आणला. चांगला आहे बिचारा, जरा भडक आहे इतकंच. बाळाबाईनं मला पुसून, आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. भंगारवाला आला की ती त्याला बाहेरच्या बाहेर परत पाठवते.

मित्रांनो, तिचे डोळे मिटलेले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही कडोलीला गेलात तर बोलू नका. आणि मोठेपणी घरापासून लांब गेलात, तर सुट्टी मिळाली की आधी घर गाठा. टीव्ही तुम्ही शटरवाला घ्या, रंगीत घ्या, भिंतीएवढा घ्या. पण कुठल्याच टीव्हीतून पोराला बाहेर काढून आईला जेवायला वाढता येत नाही.