उलटा सिलिंडर

दिराच्या अंगात एकच कला होती: दुसऱ्याच्या कष्टांपुढे उभं राहून आपला फोटो काढून घेणं. लग्न होऊन घरात आली त्या आठवड्यातच वहिनीने ती ओळखली होती. तरी सासूबाई म्हणाल्या, "घरचंच काम आहे, तू नाही बघायचं तर कोणी?" आणि ती या पाच मजली कापडदुकानाच्या तळघरात येऊन उभी राहिली. दुकान थंड ठेवणारा चिलर बसवायचं कंत्राट या धाकट्या दिराने मिळवलं होतं. कसं मिळवलं, हे तिने विचारलं नाही. नवे चिलर तपासून सुरू करून देणं हा तिचा पेशा. तिला बोलायचं होतं ते मशीनशी. मशीन निदान ऐकून घेतं.

मशीनची काही तक्रार नव्हती. आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढली होती, पंप बंद करून तिने काट्यावर नजर ठेवली होती, आणि काटा तसूभर हलला नव्हता. म्हणजे गळती नाही. आता गॅस भरायचा. पण त्याआधी नळ्यांतून पाणी वाहायला हवं होतं, आणि पाण्याचा पंप रुसून बसला होता.

"पाणी नंतर सोडू की, वहिनी," धाकटा म्हणाला. तळघरातही काळा चष्मा डोक्यावर होताच. "मालकीणबाई येतीलच आता. त्यांना थंड हवा लागली पाहिजे."

"भावोजी, आत आत्ता पोकळी आहे. पातळ गॅस तिथे शिरला की उकळतो आणि भयंकर गार होतो. नळ्यांत पाणी नुसतं उभं असलं तर त्याचा बर्फ होईल आणि नळ्या फुटतील. आधी पाणी वाहतं करायचं. मग सिलिंडर सरळ ठेवून वरची वाफ हळूहळू सोडायची. दाब चढला की मगच सिलिंडर उलटा करून पातळ गॅस. कळलं?"

"त्यात काय कळायचंय? मोठा फ्रिजच तो."

पालथ्या घड्यावर पाणी ओतून आधीच तिचे हात दुखले होते. "हात लावू नका," एवढं बजावून ती शेजारच्या पंपाच्या खोलीत गेली. तिथे इलेक्ट्रिशियन जळका स्विच बदलत होता. त्याचे दोन स्क्रू राहिले असतील नसतील, तोच भिंतीपलीकडून फुसफुस ऐकू आली आणि पाठोपाठ तडतड. कोणीतरी सुक्या काटक्या मोडाव्यात तशी.

ती धावली. धाकट्याने सिलिंडर उलटा करून भिंतीला टेकवला होता, झडप पुरती उघडली होती, आणि स्वतः मोबाइल समोर धरून हसत होता.

"झडप बंद करा!"

तो दचकला. घाबरलेल्या माणसाला अक्कल सुचते म्हणतात, पण ती मुळात असावी लागते. झडप राहिली बाजूला, त्याने सिलिंडरची नळीच फिरवून काढली. पांढरा फवारा थेट त्याच्या हातावर आला. तो किंचाळला, मोबाइल पडला, आणि महाशय तो उचलायला खाली वाकले. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. श्वासाला हवाच उरत नाही. वाकलेला धाकटा गुडघ्यांवर बसला तो उठेना.

तिने श्वास रोखला, त्याची कॉलर धरली आणि पोतं ओढावं तसं त्याला दाराबाहेर ओढलं. दार लावून घेतलं, बाहेरच्या बटणाने हवा खेचणारा पंखा चालू केला. इलेक्ट्रिशियनला म्हणाली, "मी सांगेपर्यंत आत कोणी जायचं नाही." मग तिच्या लक्षात आलं, की ओढताना आपला जीव त्या नळ्यांसाठी तुटत होता, दिरासाठी नव्हे. त्याची तिला लाज वाटली, फार नाही.

मालकीणबाई आल्या तोवर धाकट्याला कंठ फुटला होता. "वहिनींनी जरा घाई केली," तो म्हणाला. "बायकांचं असंच असतं."

मालकीणबाई स्वतः बाई होत्या, हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"भावोजी, तो खिशातला हात बाहेर काढा," वहिनी म्हणाली.

बोटं पांढरीफटक, मेणासारखी झाली होती. मालकीणबाईंनी हात पाहिला, मग चष्मा पाहिला. "याला डॉक्टरकडे न्या," त्या म्हणाल्या, "आणि काम हिलाच करू द्या."

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "घरचाच मुलगा आहे गं, पांघरूण घाल."

"आई, पांघरुणाखाली त्याने आज जीव सोडला असता," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच फोन आधी तिने ठेवला.

मशीन उघडलं तर बऱ्याच नळ्या तडकल्या होत्या. त्या बदलणं, आत शिरलेलं पाणी काढणं, सगळं वाळवणं, पुन्हा गळती तपासणं... दुकानाचं उद्घाटन पुढे ढकलावं लागलं. दुसऱ्या खेपेला मात्र पाणी नळ्यांतून खळखळत होतं, सिलिंडर सरळ उभा होता, आणि दाराला आतून कडी होती. दाब सावकाश चढला. वरच्या मजल्यावर गार झुळूक पोचली तेव्हा कापडं उलगडणारी माणसं क्षणभर थांबली.

उद्घाटनाला धाकटा आला. हाताला बँडेज, डोक्यावर चष्मा. पाहुण्यांच्या घोळक्यात उभा राहून तो सांगत होता, "आधी पाणी वाहतं करायचं बरं का. सिलिंडर उलटा करायची घाई करायची नाही. लोकांना हे कळतच नाही हो!"

वहिनी जिन्यात थांबून ऐकत राहिली. त्याने एकही शब्द चुकीचा उच्चारला नाही. तिला त्याचाच जास्त संताप आला. पर्स उचलून, मालकीणबाईंचा निरोप घेऊन ती मागच्या दाराने निघून गेली.